झाकणापासून सुरुवात

टंबलरमध्ये, म्हणजे मोटरवर फिरणाऱ्या डब्यात, दगड घासण्याबद्दल जे काही लिहिलं जातं, त्यात दगड असतात, कार्बोरंडमची पावडर असते, मोटर किती ताकदीची घ्यावी यावर वाद असतात. झाकणाच्या वाट्याला एकच वाक्य येतं : झाकण घट्ट बसवा. पुढची सगळी पानं त्या एका वाक्यावर आहेत. एवढ्याशा विषयाला पुस्तिका कशाला, असं ज्यांना वाटेल त्यांच्यासाठी ही प्रस्तावना.

टंबलरचा बाकीचा संसार आपल्याकडे निभावून नेता येतो. मोटर जळाली तर वाइंडिंगवाला आहे. पट्टा तुटला तर शिलाई मशीनचा पट्टा मापात कापून जोडला की काम चालतं. रोलरचं बुश झिजलं तर लेथवाला नवं काढून देतो. झाकण मात्र ज्या डब्याचं त्यालाच बसतं. त्याचा काठ किती जाड, खाच किती खोल, मधला बोल्ट कुठल्या आट्याचा, हे सगळं त्या एका कारखान्याच्या साच्यातून आलेलं असतं. परदेशी बनावटीचा डबा असेल तर झाकणापेक्षा त्याचं टपाल महाग पडतं. आणि नेमकं हेच सगळ्यात आधी झिजतं. मग घरोघरी दिसतं ते असं : मोटर ठणठणीत, डबा शाबूत, झाकण गळतंय म्हणून अख्खं यंत्र माळ्यावर.

नागपूर जिल्ह्यातल्या सावनेरला दगडांचा नाद लागणं साहजिकच आहे. या तालुक्यात फार थोड्या अंतरात जमीन तीनदा बदलते. पश्चिमेकडे आणि दक्षिणेकडे काळ्या बेसॉल्टचा, म्हणजे दख्खनच्या लाव्हाचा प्रदेश. वय साधारण साडेसहा कोटी वर्षं. गावाच्या आसपास जमिनीखाली गोंडवन काळातला कोळसा. त्यावर वेस्टर्न कोलफील्ड्सच्या भूमिगत खाणी चालत आल्या. आणि उत्तरेला खापा-गुमगावकडे गेलं की मँगेनीज पोटात घेऊन बसलेले, अब्जभर वर्षांच्या घरातले खडक. भूशास्त्रज्ञ त्यांना शेजारच्या पांढुर्णा (२०२३पर्यंत छिंदवाडा) जिल्ह्यातल्या सौंसर गावावरून सौंसर गट म्हणतात. गुमगावची खाण मॉइलची. या कंपनीचं मूळ १८९६ साली निघालेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटपर्यंत जातं.

सातपुड्यातून उतरणारी कन्हान खाप्यावरून पुढे जाते आणि येताना हे सगळं गोळा करून आणते. पावसाळा ओसरला की तिच्या पात्रातल्या गोट्यांत काय नसतं? दुधी आणि राखी अकीक, लाल-पिवळा जास्पर, गारगोटीचे पांढरे गोळे, लाव्हातले हिरवट तुकडे. मँगेनीजच्या पट्ट्यात फिरलात तर गोंडाइट हाती लागतो : पिवळट-नारिंगी गार्नेटचे दाणे आणि गारगोटी यांचा घट्ट, वजनदार खडक. एल. एल. फर्मर या भूशास्त्रज्ञाने भारतातल्या मँगेनीजवर १९०९ साली जो जाडजूड ग्रंथ काढला, त्यात त्याने या खडकाला गोंड लोकांवरून हे नाव दिलं. तेव्हापासून जगभर तो त्याच नावाने ओळखला जातो. पॉलिश झालेला गोंडाइट फार देखणा दिसतो, पण झाकणाच्या दृष्टीने तो मोठा त्रासदायक पाहुणा. जड, कडक आणि फुटला की टोकदार. पुस्तिकेत त्याचा उल्लेख वारंवार येईल.

जाता जाता एक विनंती. छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलांच्या परिसरातलं दगड झालेलं लाकूड, फळं आणि बिया बिरबल साहनींसारख्या शास्त्रज्ञांनी अभ्यासल्या आणि त्यामुळे तो भाग जगाच्या नकाशावर आला. लाकडाच्या रेषा दिसणारा दगड कुठे सापडला तर तो टंबलरमध्ये टाकू नका. चकाकी येईल, पण रेषांमधली माहिती गाळात जाईल.

दगडाला चकाकी आणण्याचं वेड या मुलखाला नवं नाही. सावनेरच्या दक्षिणेला, नागपूर-काटोल रस्त्याजवळ माहुरझरी आहे. तिथली शिळावर्तुळं आणि जुनी वस्ती शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली नागपूर विद्यापीठाने १९७० ते १९७२ या काळात उकरली, पुढे एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला डेक्कन कॉलेजनेही तिथे उत्खनन केलं. माहुरझरी हे मणी बनवण्याचं केंद्र होतं. अकीक, कार्नेलियन, जास्पर, स्फटिक यांचे पूर्ण झालेले मणी तिथे मिळाले, अर्धवट सोडलेले मिळाले, आणि घडवताना उडालेल्या कपच्याही मिळाल्या. हातावर धरलेला दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचा अकीकाचा मणी आजच्या टंबलरमधून निघालेल्या दगडापेक्षा कमी गुळगुळीत नसतो. (तिथे गेलात तर बघून या, खिशात काही घालू नका.)

आपल्या झाकणाचा खरा पूर्वज मात्र गुजरातेत, खंभातला सापडतो. अकीकाच्या मण्यांसाठी खंभातचं नाव शतकानुशतकं आहे. तिथे मण्यांना झिलई देण्याची जुनी रीत अशी : चामड्याच्या पिशवीत मणी, अकीकाची नाहीतर एमरीची बारीक पूड आणि पाणी घालायचं, तोंड आवळून बांधायचं, आणि दोन माणसांनी समोरासमोर बसून ती पिशवी एकमेकांकडे लोटत राहायचं. दिवसचे दिवस. पुढे पिशवीची जागा मोटरवर फिरणाऱ्या पिंपांनी घेतली. पिशवीच्या तोंडाची गाठ बघा : सैल राहिली तर पाणी गळणार, पाणी गळलं तर पूड घट्ट होणार, मणी अडकणार, मेहनत वाया. दाब आतून, चिकटपणा आतून, आणि बंद ठेवण्याची जबाबदारी एका पातळ काठावर. आज गाठीच्या जागी रबराचं झाकण आलं, अडचण तीच राहिली.

आता डब्याच्या आत काय चालतं ते. लहान टंबलरचा तीन पौंडी डबा, म्हणजे सव्वा-दीड किलो मालाचा, दोन रोलरांवर आडवा पडून मिनिटाला चाळीस-पन्नास फेऱ्या घेतो. दिवसरात्र. आठवड्याला या चार-पाच लाख फेऱ्या झाल्या, आणि एका घाण्याला चार आठवडे सहज लागतात : पहिला जाड पावडरीचा, म्हणजे ६०-९० नंबरचा, दुसरा १२०-२२०चा, तिसरा ५००च्या आसपासचा, शेवटचा पॉलिशचा, ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा सेरियम ऑक्साइडचा. अकीकाची कठीणता मोह्सच्या मापात साडेसहा ते सात. सिलिकॉन कार्बाइड, म्हणजे एडवर्ड ॲचेसनने १८९१ साली भट्टीत तयार केलेलं कार्बोरंडम, नवाच्या वर. मधे सापडतं ते मऊ रबर. ते टिकतं कसं, हेच नवल. आणि टिकतं ते मऊ आहे म्हणूनच. कडक प्लॅस्टिकवर टोकदार कण चरा काढतो. रबर दबतं, कणाला जागा देतं आणि परत उठतं. खनिज प्रयोगशाळांतल्या बॉल मिलपासून खाणीतल्या घसरणींपर्यंत आतून रबराचं अस्तर लावतात ते याच कारणाने.

पण दबून परत उठणं किती लाख वेळा? इथून पुस्तिकेचा मुख्य मुद्दा सुरू होतो, म्हणून जरा सावकाश.

झिजलेलं झाकण घ्या, धुवा, पुसून कोरडं करा आणि खिडकीशी नेऊन तिरप्या उजेडात धरा. दोन वेगळ्या जागा दिसतील. एक, आतली सपाट पाठ, जिच्यावर दगड आदळतात आणि सरकतात. तिच्यावर वर्तुळाकार ओरखडे असतात, मधेमधे सुईने टोचल्यासारखे खड्डे, आणि जुन्या झाकणात कुठे कुठे रबराची पातळ पापडी उचललेली. दुसरी जागा म्हणजे काठ, डब्याच्या तोंडात जाऊन बसणारी कड. तिच्यावरून अंगठ्याचं नख हलकं फिरवा. नख जिथे अडखळेल तिथे बारीक नाळ पडलेली असते, केसाएवढी, काठाच्या आडवी. गळती तिथूनच. उजेडात ती पटकन दिसत नाही. नखाला मात्र बरोबर कळते.

पाठ झिजते दगडांनी, डबा फिरताना. काठावर दगड पोचतच नाहीत. काठ झिजतो तो तुमच्या-माझ्या हातून, डबा थांबलेला असताना : झाकण लावताना खाचेत राहिलेल्या वाळूच्या चार कणांनी, आणि काढताना स्क्रू-ड्रायव्हर घालून केलेल्या उचकवाउचकवीने. दोन झिजांची कारणं वेगळी, म्हणून उपायही वेगळे. पाठ दुरुस्त करता येते, बिनधास्त करावी. काठाला ठिगळ लावू नये. तिथे अर्ध्या मिलिमीटरचाही थर चढला की झाकण एका बाजूला उचललं जातं, आणि पूर्वी एका नाळेतून गळत होतं ते आता ठिगळाच्या दोन्ही कडांनी गळतं. म्हणून काठाची फक्त राखण करायची. पुढची सगळी प्रकरणं या एका भेदावर उभी आहेत. बाजारातले अर्धे 'उपाय' हा भेद न करता सुचवलेले असतात, म्हणून ते एकाला लागू पडतात आणि दुसऱ्याला नाही, आणि मग लोक गोंदाला नावं ठेवतात.

पाठीच्या दुरुस्तीची विद्या शिकायला फार लांब जावं लागत नाही. ती बसस्टँडच्या आसपासच्या कुठल्याही पंक्चरवाल्याकडे आहे. झाकण त्याच्यासमोर ठेवलं की आधी तो हसतो, मग उलटंपालटं करून बघतो, मग विचारतो की यात भरता काय. त्याचं काम बघण्यासारखं असतं. पहिल्यांदा घासणी. नव्या दिसणाऱ्या रबरावरची ती चकचकीत साय पूर्ण मॅट होईपर्यंत, खड्ड्यांच्या आतूनसुद्धा. मग त्याच मापाचा ट्यूबचा तुकडा, त्याची एक बाजूही तशीच घासलेली. दोन्हीकडे सोल्युशनचा पातळ थर, आणि मग थांबणं. इथे आपल्यासारख्यांचा हात शिवशिवतो. सावनेरच्या एका पंक्चरवाल्याने मला ऐकवलेलं वाक्य मी या पुस्तिकेत जसंच्या तसं ठेवलं आहे : "काका, पयले वाळू द्या. वल्यावर चिपकवलं त उद्याच निंगते." सोल्युशनमधला द्रावक उडून जायला हवा, बोट लावलं तर चिकटल्यासारखं वाटावं पण बोटाला काही लागू नये, ही वेळ. तेव्हा तुकडा मधून कडेकडे दाबत बसवायचा, हवा कोंडू द्यायची नाही, आणि वरून हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी सगळीकडून सारखा ठोकायचा. घाईने, ओल्या सोल्युशनवर लावलेला तुकडा पहिल्या आठवड्यात कडेने उचलतो, त्याच्याखाली जाड पावडर शिरते, आणि पुढे काय होतं ते खाली येतंच आहे.

तुकडा कापताना तो झाकणाच्या व्यासापेक्षा सगळीकडून दोन-तीन मिलिमीटर आत राहील असा कापा. काठापर्यंत नेण्याचा मोह होतो, कारण तसा तो नीटनेटका दिसतो. पण काठाखाली गेलेला तुकडा म्हणजे काठावरचं ठिगळच.

गोंदाबद्दल माझं मत आधीच सांगून टाकतो, तपशील दुसऱ्या प्रकरणात आहे. फेविक्विक रबराला चिकटतं, पण सुकून काचेसारखं कडक होतं. झाकण दाबलं की ते तडकतं. एम-सील आणि अराल्डाइटची गत तीच : दोन्ही धातूसाठी उत्तम, वाकणाऱ्या रबरावर निरुपयोगी. मत्स्यालयाच्या काचांना लावतात ते सिलिकॉन लवचीक राहतं खरं, पण रबरावर त्याची पकड भरवशाची नाही. साल निघावी तसं अख्खं निघून येतं. फेविबॉन्डसारखा रबराचा गोंद चालतो, आणि पंक्चरचं सोल्युशन त्याहून बरं. सगळ्यांच्या आधी घासणी. न घासलेल्या रबरावर कुठलाच गोंद टिकत नाही.

ट्यूबपेक्षा जाड अस्तर हवं असेल तर नागपुरात इतवारीच्या हार्डवेअर दुकानांत दोन-तीन मिलिमीटरची रबर शीट वजनावर मिळते. खाणीच्या पट्ट्यात कन्व्हेयर बेल्टचे भंगार तुकडेही दिसतात, गोठ्यात गाईखाली अंथरलेले. ते तुकडे टाळा. आत कापडाचे पदर असतात, कडेने सुटतात, त्यांचे धागे गाळात मिसळतात आणि त्या धाग्यांना धरून पावडरीच्या गुठळ्या होतात.

आता ती जाड पावडर. झिजलेल्या झाकणाचा सगळ्यात मोठा तोटा गळती नाही. गळती निदान दिसते. पाठीवरच्या खड्ड्यांत आणि उचललेल्या पापडीखाली पहिल्या आठवड्याची ६० नंबरची पावडर दडून बसते. तुम्ही डबा धुता, दगड धुता, झाकण नळाखाली धरता, ती हलत नाही. चौथ्या आठवड्यात, पॉलिश चालू असताना, रबर दबता-उठता एकेक कण बाहेर पडतो. तीन आठवडे सांभाळलेल्या अकीकावर मग बारीक ओरखड्यांचं धुकं चढतं. माणूस पॉलिश पावडर बदलतो, दगड बदलतो, दिवस वाढवतो. झाकणाकडे बघायचं त्याला सुचत नाही, कारण ते गळत नसतं. ज्यांच्या दगडांना चकाकी येता येत नाही त्यांनी हे पान आधी वाचावं : जाड पावडरीचं झाकण वेगळं आणि पॉलिशचं वेगळं, ही चैन नाही. दोन झाकणं नसतील तर पहिल्या आठवड्यापुरतं रबराचं सुटं चकतं मधल्या बोल्टमध्ये अडकवून वापरा, ते काढून टाकलं की पाठ स्वच्छ. सुट्या चकत्याच्या मागे गाळ जातो, म्हणून ते दुसऱ्या आठवड्यात आणायचं नाही. त्यावर खडूने नव्हे, पेनाने '६०' लिहून खिळ्याला टांगा.

काठाची राखण म्हणजे मुख्यतः बंद करण्याआधीची दोन मिनिटं. जुन्या टूथब्रशने डब्याच्या तोंडाची खाच धुवायची, झाकणाचा काठ धुवायचा, दोन्हींवरून ओलं बोट फिरवून बघायचं. बोटाला करकरलं तर पुन्हा. काठ स्वच्छ पाण्याने ओला करून झाकण दोन्ही अंगठ्यांनी गोल दाबत बसवायचं. तेल, केरोसीन, व्हॅसलीन यांतलं काहीही लावायचं नाही. नैसर्गिक रबर पेट्रोलियमच्या पदार्थांनी फुगतं आणि फुगलेला काठ परत मापात येत नाही. झाकण आणि डबा यांच्यावर एक-एक खूण करा आणि दर वेळी खुणेला खूण जुळवा. दोन्ही एकमेकांच्या उंचसखलाला सरावलेले असतात, दर वेळी नव्या जागी बसवलं की झीज नव्याने सुरू. मग डबा वर्तमानपत्रावर आडवा ठेवा, अर्धा तास. गळत असेल तर कागदावर डाग पडतो आणि नेमकं कुठून ते कळतं. रात्री मोटर चालू करून सकाळी टेबलावर गाळ बघण्यापेक्षा हे बरं.

वरचा नट पकडीने आवळू नका. हाताने जितका आवळेल तितका पुरे. जास्त आवळलं की झाकणाची पाठ मधे खोलगट होते, कड उलट उचलते, आणि गळती थांबवायला आवळलेला नटच गळती वाढवतो. नट फिरवूनही गळत असेल तर दोष बहुधा बोल्टच्या मुळाशी असलेल्या वॉशरचा. तो नळाच्या दुकानात मिळतो.

डब्यात वायूही साठतो. सगळ्या दगडांबरोबर नाही. पण काही वेळा झाकण बाहेरून फुगलेलं दिसतं आणि काढताना फुस्स होतं. फुगलेल्या झाकणाने डबा तसाच फिरत राहिला तर काठावर दाब येऊन तो ताणला जातो, आणि एखाद्या रात्री झाकण निघून पडतं. पहिले दोन-तीन दिवस रोज एकदा डबा थांबवून, उभा करून झाकण सैल करा. उचकवायला लाकडी चमच्याचा दांडा किंवा आइस्क्रीमची काडी, लोखंड नाही. आपल्या भागातल्या लोकांनी आणखी एक बघावं. सौंसर गटातला संगमरवर आणि लामेटा नावाच्या थरातला चुनखडक नदीत अकीकाच्या शेजारी पडलेला असतो आणि ओला असताना फसवतो. त्याची कठीणता तीन-साडेतीन. अकीकाबरोबर टाकलात तर चार दिवसांत तो नाहीसा होतो आणि गाळ कणकेसारखा घट्ट होतो. चाकूचं टोक टेकवा. ओरखडा उठला तर तो दगड नदीला परत.

रबराचा तिसरा शत्रू इथला उन्हाळा. मे महिन्यात नागपूरकडे पारा पंचेचाळिसाच्या वर जातो आणि टिनाच्या पत्र्याखालच्या खोलीत त्याहून वर. उष्णता, ऊन आणि हवेतला ओझोन यांनी रबर कडक होतं, काठावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा येतात. चार्ल्स गुडइयरने १८३९ साली गंधक आणि उष्णता यांनी रबर पक्कं करायची युक्ती शोधली नसती तर ते आपल्या उन्हाळ्यात चिकट गोळाच झालं असतं. तरी पक्क्या रबरालाही मर्यादा आहेच. उन्हाळ्यात टंबलर बंद ठेवणार असाल तर झाकण डब्याला लावून ठेवू नका. दाबलेला काठ महिनोन्‌महिने तसाच राहिला की दाबलेलाच राहतो. धुऊन, वाळवून, टाल्कम पावडर चोळून कापडी पिशवीत, घरातल्या थंड खोलीत.

गळतीकडे केवळ घाण म्हणून बघितलं जातं, त्याबद्दल थोडं कडक लिहिणं भाग आहे. डब्यातून बाहेर आलेला गाळ म्हणजे घासलेल्या अकीकाची, म्हणजे सिलिकाची, अतिशय बारीक पूड. ओली आहे तोवर ती निरुपद्रवी. टेबलावर, फरशीवर वाळली आणि कुणी झाडू मारला की ती हवेत जाते आणि फुफ्फुसात उतरते. खंभातमध्ये अकीक घासणाऱ्या कामगारांना सिलिकोसिस झाल्याचं वैद्यकीय अभ्यासांनी पुन्हा पुन्हा दाखवलं आहे. तिथली धूळ कोरड्या चाकावरच्या घासणीची, आपल्या घरच्या डब्याहून कितीतरी जास्त. पण धूळ तीच. गळणारं झाकण, खाली वाळलेला पांढुरका डाग आणि त्याच खोलीत रांगणारं मूल, हे चित्र मला चालत नाही. डबा नेहमी कडा असलेल्या ताटलीत ठेवा, सांडलेलं ओल्या फडक्याने पुसा, आणि झाकणाची पाठ घासायची असेल तर आधी ब्रशने धुवा, मग ओल्या पॉलिश पेपरने घासा. पंक्चरवाल्याकडे नेण्यापूर्वीही धुऊन न्या. तो कोरडंच घासतो आणि त्याला आत काय होतं ते माहीत नसतं. गाळ मोरीत ओतायचा नाही हे पाइपसाठी सांगतात. तो पाइपात सिमेंटसारखा बसतो. बादलीत निवळू द्यावा, वरचं पाणी झाडांना आणि खालचा थर ओला असतानाच पिशवीत बांधून कचऱ्यात.

पुस्तिकेत काय नाही तेही सांगायला हवं. थरथरणाऱ्या, म्हणजे व्हायब्रेटरी टंबलरची झाकणं नाहीत. त्यांची झीज वेगळ्या जातीची आणि त्यांचा मला फारसा अनुभव नाही. पीव्हीसी पाइपचे घरगुती डबे आहेत, कारण नागपूरकडे ते बरेच जण करतात, आणि त्यांच्या चुडीच्या टोपणाला प्लंबरची टेफ्लॉन टेप पुरते. लोखंडी षटकोनी डब्यांसाठी एक छोटं प्रकरण आहे. दुरुस्तीच्या पलीकडे गेलेलं झाकण कसं ओळखावं हे शेवटी दिलं आहे : काठावर नखाला तीनपेक्षा जास्त ठिकाणी अडथळा लागला, किंवा काठ दुमडल्यावर भेगा उघडल्या, तर त्याला निवृत्त करा. त्याची पाठ चांगली असेल तर तिचं गोल चकतं कापून घ्या. पुढच्या झाकणाला पहिल्या आठवड्यासाठी ते उत्तम अस्तर होतं. आणि नवीन डबा मागवताना त्याच पार्सलमध्ये दोन जादा झाकणं मागवा, टपाल एकदाच पडतं.